सवाल कापू नका : शक्ती-तुऱ्याचे सामने भरवणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि वसई-विरार पट्ट्यात शक्ती-तुऱ्याचे सामने भरवणाऱ्या ग्रामस्थ मंडळांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकर्ते यांस,

विषय : दोन शाहिरांच्या सामन्यातले गाऊन होणारे सवाल-जवाब कमी करण्याचा निर्णय

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात काही मंडळांची एकत्र बैठक झाली आणि तिथे ठरलेल्या गोष्टींचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. येत्या हंगामापासून प्रत्येक बारीत, म्हणजे शाहिराच्या एका पाळीत, एकच सवाल, आणि त्यालाही दहा मिनिटांची मर्यादा. वाचलेल्या वेळात ‘तरुणांसाठी’ रेकॉर्डवरची नृत्यं आणि इन्स्टाग्रामवर गाजलेले पाहुणे. गण-गवळण थोडक्यात उरकावी, असंही त्यात आहे. कारण एवढंच दिलंय की प्रेक्षक कमी होतोय आणि नव्या पिढीला पुराणातलं काही कळत नाही. बैठकीला एकही शाहीर नव्हता, कवी नव्हता, ढोलकीवाला तर नव्हताच. तिकीट काढून येणाऱ्याला विचारायची पद्धत आपल्याकडे पहिल्यापासून नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

कुठल्याही मंडळाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण भांडण कुणा एकाशी नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण निर्णय मला पटत नाही, आणि खासगीत बोलायला गेलं की “बघू ताई, पुढच्या मीटिंगला घेऊ” यापुढे गाडी जात नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

माझा यात संबंध काय, हे आधी सांगते. माझे वडील लांजा तालुक्यातले. परळला गिरणीत पाळी करायचे आणि उरलेल्या वेळात तुरेवाल्यांकडे ढोलकी वाजवायचे. १९८२च्या संपात गिरणी गेली, ढोलकी राहिली. गणपतीच्या आधी आमच्या चाळीतल्या खोलीत तालीम चालायची. आत शाहीर, ढोलकी आणि झांज एवढेच मावायचे, नाचणारे बाहेर गॅलरीत पावलं घटवायचे आणि खालच्या मजल्यावरून ओरडा यायचा. तेव्हा मुली नाचत नसत, त्यामुळे मी नाचले नाही. मी सवाल ऐकले. आता मी डोंबिवलीला राहते, एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि सामना असेल त्या शनिवारची सुट्टी आधीच मागून ठेवते. वडिलांचा उजवा खांदा आता उचलत नाही, सामन्याला येणं त्यांना जमत नाही. मी घरी आले की चप्पल काढायच्या आत विचारतात, “सवाल काय होता?” शाहीर कसा गायला, गर्दी किती होती, हे सगळं त्यानंतर.

हे पत्र कोकणाबाहेरचेही वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गणपतीत रत्नागिरी-रायगडकडच्या वाड्यावाड्यांतून जाखडी नाचतात. मधोमध शाहीर, ढोलकी, झांज आणि भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचं रिंगण. शक्ती-तुऱ्याचा सामना हे त्याच जाखडीचं रंगमंचावरचं रूप. दोन शाहीर, दोन पक्ष. शक्तीवाले, म्हणजे कलगीवाले, म्हणणार की आदिमाया श्रेष्ठ. तुरेवाले म्हणणार की शिव श्रेष्ठ. आधी गण, मग गवळण, मग एकमेकांना पुराणातले सवाल आणि त्यांचे जवाब, अधूनमधून टोमणे. सगळं गाऊन. जवाब नुसता बरोबर असून भागत नाही, तो चालीत बसावा लागतो आणि “कुठल्या ग्रंथात, कुठल्या अध्यायात?” असं समोरून आलं तर आधार द्यावा लागतो. पेशवाईतल्या शाहिरांपासून कलगी-तुऱ्याचा हा वाद चालत आलाय आणि अजून कुणी जिंकलेला नाही. जिंकला तर पुढच्या शनिवारी गाणार काय?

तर या सवालाबद्दल.

एक सामना सांगते. परळच्या दामोदर नाट्यगृहात होता, वडील वाजवत होते तेव्हाचा. शक्तीवाल्या शाहिरानं सवाल टाकला. युद्ध जिंकल्यावर देवांना गर्व झाला, तेव्हा त्यांच्यासमोर एक यक्ष उभा राहिला. त्यानं गवताची काडी ठेवली, ती अग्नीला जाळता येईना, वायूला हलवता येईना. इंद्र पुढे गेला तर यक्षच नाहीसा. मग तो यक्ष कोण होता हे इंद्राला सांगितलं कुणी, आणि हे लिहिलंय कुठे?

मी बाजूच्या खुर्चीवरून विंगेत बघत होते. तुरेवाल्यांच्या कवीनं चष्मा कपाळावर चढवला, वहीची पानं भराभर उलटली, मग वही मिटली आणि सामन्याच्याच हँडबिलाच्या पाठीवर लिहायला बसला. रंगमंचावर त्याचा शाहीर वेळ काढत होता. जुन्या पदाचं एकच कडवं दोनदा, तिसऱ्यांदा. वडिलांचं लक्ष नाचणाऱ्यांकडे नव्हतंच, ते कवीच्या हाताकडे बघत ढोलकी वाजवत होते. हात थांबला की इकडे तुकडा लांबायचा, हात चालायला लागला की लय चढायची. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला हळूच सांगून टाकलं, “पार्वती गो.” तेवढ्यात कागद शाहिराच्या हातात आला. जवाब होता केनोपनिषद, उमा हैमवती. तिनंच इंद्राला सांगितलं की ते ब्रह्म होतं.

शक्तीवाल्यांकडच्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण सवालातच त्यांनी मेख मारली होती. देवांच्या राजाला ब्रह्माची ओळख करून द्यायला शेवटी शक्तीच लागली. पण तुरेवाला तिथे थांबतोय कुठला! पुढच्याच कडव्यात त्यानं विचारलं, उमेनं बोट दाखवलं ते कुणाकडे? मग बोट दाखवणारी मोठी, की ज्याच्याकडे दाखवलं तो? आणि त्यावर ढोलकीची थाप. अर्धं सभागृह उभं राहिलं. रात्री कल्याण गाडीत लोक तोच वाद पुढे चालवत होते. एक रिक्षावाला होता, एक बेस्टमधले कंडक्टर होते, एक केटरिंगवाले काका होते. यांतल्या कुणी उपनिषद हातात धरलं असेल असं मला वाटत नाही.

आता मला सांगा, हे सगळं दहा मिनिटांत कुठे बसवणार? सवाल म्हणजे नुसता प्रश्न नाही. सवाल पडल्यापासून जवाब येईपर्यंत जे थांबणं असतं, त्यासाठी माणूस येतो. रेकॉर्डवरचा नाच त्याला घरबसल्या फोनवर याहून चांगला दिसतो, आणि तिथे आपण कधीच कुणाला हरवू शकणार नाही. जे दुसरीकडे मिळत नाही तेच आपण कापायला निघालोय.

आणि नव्या पिढीला पुराण कळत नाही म्हणता. त्या म्हातारीला तरी कुठल्या शाळेत शिकवलं होतं? सामने ऐकूनच तिला कळलं. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. हिंदी-मराठी रॅपच्या बॅटल बघतो, दोघं समोरासमोर उभे राहून यमकात एकमेकांची उतरवतात त्या. त्याला एकदा ओढून सामन्याला नेलं. गणाला कंटाळला, गवळणीला बरा रमला, टोमण्याला हसला. सवाल पडला तसा खिशातून फोन काढला. मला वाटलं संपलं. तर पठ्ठ्या जवाब शोधत होता, आणि शाहिराच्या आधी सापडत नाही म्हणून चिडला होता. पोरांना अवघड गोष्ट नको असते, हे कुणी ठरवलं?

वेळ पुरत नाही, हे मात्र खरं आहे. गावाकडे खळ्यात नाच सुरू झाला की कोंबडं आरवेपर्यंत चालायचा, इथे नाट्यगृहाचं सत्र ठरलेलं. पण मंडळी, वेळ जातो कुठे ते जरा घड्याळ लावून बघा. जाहिरातीत साडेआठ, पडदा उघडतो नऊनंतर. मग दीपप्रज्वलन. मग सत्कार. आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक, गावच्या पुलासाठी पाठपुरावा करणारे, पूल ज्यांनी बांधला ते, आणि ज्यांच्यामुळे अजून बांधला गेला नाही तेही. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि ‘दोन शब्द’. पाऊण तास सहज जातो, आणि तोवर नाचणारी पोरं पायात चाळ बांधून विंगेत उभी. देणगीदारांच्या जिवावर हॉलचं भाडं निघतं हे मला कळतं, मीही मंडळाच्याच घरात वाढले आहे. त्यांना पुढच्या रांगेत बसवा, नावं पडद्यावर दाखवा, मध्यंतरात एकत्र पुष्पगुच्छ द्या. पण वेळ कमी म्हणून सवाल कापणार आणि सत्काराला हात लावणार नाही, याला काय म्हणायचं?

प्रेक्षक कमी होण्याचं खरं कारण तुम्हालाही माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. आपण तिकीट विकत नाही, वर्गणी गोळा करतो. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची कौलं, स्मशानभूमीची शेड, ज्या कामासाठी सामना ठेवला त्याच्या हिशेबानं वाडीतल्या प्रत्येक मुंबईकर घराला तिकिटं बांधून दिली जातात. घरवाला पैसे देतो, तिकिटं फ्रीजवर ठेवतो आणि त्या रात्री क्रिकेट बघतो. मंडळाच्या वहीत हाऊसफुल्ल, सभागृहात मागच्या दहा रांगा मोकळ्या. खजिनदार खूश, शाहीर खिन्न. यात पुराणाचा काय दोष? ज्याला खरंच यायचंय त्याला कळतच नाही की सामना आहे, कारण जाहिरात फिरते ती त्या गावच्या ग्रुपवर. माझ्या कामाच्या ठिकाणी चिपळूणची, गुहागरची, मंडणगडची माणसं आहेत. शक्ती-तुरा म्हटलं की डोळे चमकतात, पण “कुठे असतो, कळत नाही” हेच उत्तर. मागच्या हंगामात एकाच शनिवारी दादरला एक आणि वाशीला एक सामना होता. दोन्ही शाहीर-जोड्या चांगल्या, दोन्हीकडे अर्धी सभागृहं. दोन मंडळांच्या सचिवांनी एकमेकांना फोन केला असता तर?

आता नावांचा विषय. हा माझ्या घरचा आहे, म्हणून जरा लांबेल.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. वयाची पन्नाशी उलटलेली, कलेत किमान १५ वर्षं काढलेली, उत्पन्न बेताचं, अशांना महिना ५,००० रुपये मिळतात. त्यात घर चालत नाही, पण औषधांचा खर्च भागतो. वडिलांचा अर्ज भरायला मी बसले. अर्जासोबत कलेचे पुरावे लागतात, म्हणजे प्रमाणपत्रं, कात्रणं, कार्यक्रमपत्रिका. आमच्याकडे पुराव्यांची काय कमी, असं वाटून माळ्यावरची ट्रंक खाली काढली. हँडबिलं, भित्तिपत्रकं, पिवळी पडलेली, वाळवी लागलेली. एकेक उलगडून बघितलं. शाहिराचं नाव ठसठशीत. त्याच्या गुरूंचं, गावाचं, तालुक्याचं नाव. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, हिशेब तपासनीस, शुभेच्छुक दहा, त्यांचे फोटो. अगदी खाली ‘आणि सहकारी’. माझे वडील आयुष्यभर ‘आणि सहकारी’ होते. झांजवाला, कोरसवाले, बेंजोवाला, नाचणारी पोरं सगळी त्याच दोन शब्दांत. आणि ज्यानं विंगेत बसून जवाब लिहिला तो कवी? तोही तिथेच.

शेवटी ज्या शाहिरांबरोबर ते वाजवायचे त्यांच्या मुलानं दाखला लिहून दिला. अर्ज आत आहे. बघू.

सिंधुदुर्गातल्या डबलबारी भजनाची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, जाहिरात कधी नीट बघितलीत? बुवांच्या नावाखाली पखवाजवादकाचं नाव असतं, बऱ्याचदा फोटोही. तिथे माणसं पखवाज ऐकायला म्हणून येतात, पोरं त्या नावांकडे बघून शिकायला लागतात. आपल्याकडे ढोलकी शिकायला पोरगा मिळत नाही म्हणून ऑक्टोपॅड आणला. ऑक्टोपॅडवर माझा राग नाही, पण आधी ढोलकीवाल्याला जाहिरातीतून गायब केलं आणि मग ढोलकीवाले मिळत नाहीत म्हणून हळहळलो, हा क्रम लक्षात घ्या. एका ओळीची शाई वाचवून आपण काय कमावलं?

टोमण्यांबद्दलही बोललं पाहिजे, आणि इथे शाहीरमंडळींनीही ऐकावं. टोमणा पाहिजेच, त्याशिवाय सामन्याला चव नाही. समोरच्याची चाल चुकली, आधार चुकला, शब्द चोरला, तर त्याला गाण्यातच असा टोमणा मारावा की त्यालाही हसू यावं. जुने शाहीर हे करायचे आणि सामना संपल्यावर एकाच टॅक्सीत बसून घरी जायचे. आता बायका शाहीर म्हणून उभ्या राहायला लागल्या, मुलींची जाखडी मंडळं झाली, मला त्याचा केवढा आनंद! आणि आपण जाहिरात काय करतो? ‘महिला विरुद्ध पुरुष, कोण कोणाची जिरवणार?’ अशा एका सामन्याला मी होते. समोरच्या बाईच्या साडीवर, तिच्या नवऱ्यावर, ती रात्री किती वाजता घरी जाते यावर अर्धी बारी खर्ची पडली. तिनं विचारलेला सवाल तसाच राहिला, जवाब आलाच नाही, आणि कुणी मागितलाही नाही. माझ्या शेजारच्या दोघी मध्यंतरात उठून गेल्या. त्यांनी परत यावं म्हणून तुम्ही रेकॉर्डवरचा नाच ठेवणार आहात का?

नाट्यगृहांचं थोडक्यात सांगते, कारण हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोगलंय. १९२२ सालचं दामोदर २०२३च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. गिरणगावातल्या कोकणी माणसाचं नमन, जाखडी, नाटक तिथे वाढलं. मधल्या काळात प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर आणि ठाण्याचं गडकरी रंगायतनही दुरुस्तीसाठी बंद होतं. अशा वेळी उरलेल्या तारखांसाठी प्रत्येक मंडळ एकेकटं धावलं आणि जी मिळाली ती घेतली, बहुतेक आडवारी. दामोदरसाठी कलावंतांनी आंदोलन केलं तेव्हा आपल्या मंडळांचे फलक किती होते? गावागावांतली एवढी मंडळं, प्रत्येकाचं लेटरहेड आहे, शिक्का आहे. सगळ्यांनी मिळून एक पत्र कधी कुणाला दिलंय?

मैदानावरच्या सामन्याचंही तसंच. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे आणि ते योग्यच आहे, आजारी माणसांजवळ मी रोज बसते. पण त्याच नियमांत बंदिस्त सभागृहाला सूट आहे. शिवाय सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्या दिवसांत लोककलेसाठी एखादी रात्र धरा, अशी मागणी आपण केली तर तिला आधार आहे. सवालाला आधार मागणाऱ्यांना हे जमू नये?

शूटिंगवाल्यांची एक गोष्ट राहिली. समोरच्या वाटेत तिकाटणी लावून तीन-तीन कॅमेरे उभे असतात, मागच्याला फक्त कॅमेरावाल्याची पाठ दिसते. दुसऱ्या दिवशी तोच सामना यूट्यूबवर, खाली शाहिराचं नावही कधी चुकीचं. मंडळाला शूटिंगचे पैसे मिळतात, कलाकाराला विचारतही नाहीत. मी स्वतः हे व्हिडिओ बघते, गावाकडचे आणि आखातात गेलेले आपले लोक तर त्यावरच जगतात. बंद करा असं म्हणत नाही. नावं नीट लिहा, कलाकारांचा वाटा ठरवा आणि कॅमेरा बाजूला घ्या.

आता माझ्या मागण्या.

१. प्रत्येक बारीत एकच सवाल आणि दहा मिनिटं, हा निर्णय मागे घ्या. किमान दोन सवाल आणि त्यांचे पूर्ण जवाब होतील एवढा वेळ आधी राखून ठेवा, बाकीचा कार्यक्रम त्याभोवती बसवा.

२. भाषणं नकोत. सत्कार मध्यंतरात, एकत्र.

३. जाहिरातीत कवी, ढोलकी, झांज, कोरस, बेंजो आणि नाचणारे यांची नावं छापा. कार्यक्रम झाल्यावर प्रत्येकाला मंडळाच्या लेटरहेडवर, तारीख-ठिकाण घालून सही-शिक्क्याचा दाखला द्या. याला खर्च शून्य आहे.

४. सगळ्या मंडळांच्या तारखांचं एक सामायिक वेळापत्रक करा आणि ते गावच्या ग्रुपबाहेर जाऊ द्या. वर्गणी वेगळी घ्या, तिकीट वेगळं विका. ज्याला यायचं नाही त्याच्याकडून देणगी घ्या आणि त्याची खुर्ची दुसऱ्याला द्या. विद्यार्थ्यांना निम्म्या दरात सोडा.

५. वर्षातून एकदा तरी रविवारी सकाळी, सत्काराशिवाय, ढोलकी आणि चालींची कार्यशाळा ठेवा. मुलींनाही बोलवा.

६. बाईच्या अंगावर, घरावर घसरणारे टोमणे चालणार नाहीत हे बिदागी ठरवतानाच दोन्ही शाहिरांना सांगा. ‘कोण कोणाची जिरवणार’ छापणं बंद करा.

७. कवींच्या वह्या जातायत. कुणाच्या पुरात गेल्या, कुणाच्या रद्दीत. ज्यांच्या घरी असतील त्यांच्या संमतीनं त्यांचे फोटो काढून ठेवा आणि एक प्रत मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीकडे द्यायचं बघा.

८. नाट्यगृहांच्या तारखा, लोककलेसाठी सवलतीचं भाडं आणि दामोदर, यासाठी सगळ्या मंडळांच्या सहीचं एकच निवेदन सांस्कृतिक कार्य विभागाला द्या.

यातलं तिसरं आणि सहावं कलम उद्यापासून करता येईल, त्यासाठी बैठकसुद्धा लागत नाही. चौथ्यासाठी कुणीतरी बसून काम करायला हवं. ते मी करते. तारखा माझ्याकडे कळवा, दर महिन्याच्या एक तारखेला यादी सगळ्यांना पाठवेन. कुठल्या मंडळाची, कुठल्या तालुक्याची, शक्तीवाल्यांची की तुरेवाल्यांची, हे न बघता. वडील तुरेवाले असले तरी यादी आद्याक्षरानुसारच लागेल.

पुढच्या बैठकीला दोन शाहीर, एक कवी आणि एक ढोलकीवाला यांना बोलवा, आणि तिकीट काढून येणाऱ्यांतून कुणालाही एकाला. मला बोलावलंत तर येईन. नाट्यगृहांच्या पुढच्या तारखांचं वाटप व्हायच्या आत उत्तर मिळावं. एकदा तारखा गेल्या की मग काहीच बदलता येत नाही.

आपली,
तुरेवाल्यांच्या एका ढोलकीवादकाची मुलगी,
डोंबिवली